वीस लिटर समुद्र

दहाला टाकीवरचा दिवा लागला, साडेदहा झाले, तरी एकही पोवळं उघडलं नाही. मी खुर्ची ओढून समोर बसलो. रोजच्या या अर्ध्या तासात माझ्या हातात पेपर असतो, पण मी तो वाचत नाही. निळा उजेड पाण्यात उतरला की आधी बटनं जागी होतात. दगडाला चिकटलेली ती तपकिरी बटनं एकेक करून हिरवं तोंड उघडतात. मग छत्रीच्या आकाराचं पोवळं फुलतं आणि सगळ्यात शेवटी मुठी. मुठी म्हणजे पांढरट देठांचा एक झुपका, प्रत्येक देठाच्या टोकाला आठ बोटांचा पंजा, आणि हे पंजे दिवसभर उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. त्यांना कुणी सांगत नाही, पाण्याचा पंप बंद पडला तरी त्यांचं चालूच असतं. त्यांचं खरं नाव अवघड आहे, म्हणून ओमेशने घरात मुठी हेच नाव पाडलं. आज त्या मिटलेल्या होत्या. नुसत्या मिटलेल्या नाहीत, गळून एका अंगावर कलंडल्या होत्या. गेले दोन दिवस त्या मला मंद वाटत होत्या आणि मी थंडी आहे म्हणून स्वतःची समजूत काढत होतो. टाकीत हीटर आहे, तो मीच लावलेला आहे. तरी बत्तीस वर्षं पाण्याची नोकरी केलेला माणूस वीस लिटर पाण्याला थंडीचं कारण देतो, म्हणजे कमाल आहे.

टाकी ओमेशची. ओमेश माझा मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला आहे. नागपूरला डिप्लोमा करताना तो संध्याकाळी हिमांशूच्या दुकानात बसायचा. हा हिमांशू घराच्या मागच्या खोलीत खाऱ्या पाण्यातले जीव वाढवून विकतो, आणि तिथेच पोराला हा नाद लागला. जहाजावर जायच्या आधी, सात महिन्यांपूर्वी, त्याने ही काचेची पेटी मांडीवर घेऊन नागपूरहून गोंदियाला आणली. आकाराने माझ्या बायकोच्या, जमुनाच्या, पापडाच्या डब्याहून थोडी मोठी. आत एक दगड, चार ओंजळी वाळू, मऊ जातीची तीन पोवळी आणि एक गोगलगाय. दगडी पोवळं पाळायला कायद्याने बंदी आहे, हे ओमेश विचारायच्या आधीच प्रत्येकाला सांगायचा. मासा नाही. एवढ्याशा पाण्यात मासा सुखाने राहत नाही, असं त्याचं म्हणणं. आता गोंदियातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र रेल्वेत एक रात्र काढल्याशिवाय भेटत नाही. अशा गावात माणसाने घरात खारं पाणी ठेवायचं आणि त्यात मासासुद्धा नाही, म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. शेजारचे शालीकराम येतात, कमरेवर हात ठेवून वाकतात, डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात. 'मासा कोठी आहे जी?' 'मासा नाही.' 'मंग तुमी पायता काय एवढं?' मी चहा मागवतो.

जाताना ओमेशने एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. त्यात नऊ गोष्टी होत्या आणि प्रत्येक गोष्टीपुढे कारण. रोज जेवढं पाणी उडेल तेवढं साधं भरायचं, खारं नाही, कारण पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. हात घालण्याआधी साबण नको, कारण अमुक. खिडकीचं ऊन नको, कारण तमुक. मला ते आवडलं होतं. मी आयुष्यात कुणाला कारण सांगितलं नाही, साहेबांनी मला सांगितलं नाही, आणि हा माझा मुलगा बापाला कारणं लिहून देतो. सातवी गोष्ट होती तांब्याची. तांब्याचं भांडं, तांब्याची तार पाण्याला लावायची नाही, कारण तांबं या जिवांना विष आहे. मी ते वाचलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जमुनाला म्हणालो, 'तुहा तांब्याचा गडवा टाकीजवळ आणू नोको.' ती पोळी लाटत होती. 'कायले?' तिने विचारलं. 'नोको म्हणलं ना,' मी म्हणालो. एवढंच. तिने त्यानंतर तो गडवा खोलीतसुद्धा आणला नाही.

थर्मामीटर पाहिला, सव्वीस. खार मोजायची नळी डोळ्याला लावली, पस्तीस, जेवढी हवी तेवढीच. काचेवर मारलेल्या खुणेशी पाणी बरोबर होतं. म्हणजे माझ्या बाजूने सगळं बरोबर आणि आत सगळं चुकलेलं. हा प्रकार मला नोकरीपासून माहीत आहे. वहीत आकडे ठीक असतात आणि नळाला लोक शिव्या देत असतात. मग मी गोगलगाय शोधली. ती काचेच्या तळाशी उलटी पडली होती. बाहेर काढून नाकाशी धरली आणि लगेच लांब केली. मेल्याला एक दिवस तरी झाला असावा. मला एकदम भीती वाटली. साठी ओलांडलेल्या माणसाला बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायीपायी भीती वाटावी हे सांगायलाही बरं वाटत नाही, पण वाटली. मी देवघरातली टॉर्च आणली आणि वरून पाण्यात उजेड टाकला. दगडाच्या अलीकडे, वाळूच्या अगदी मधोमध, काहीतरी गोल होतं. अर्धं वाळूत, अर्धं वर. मी मुठी बघत बसायचो, वाळूकडे कधी बघितलंच नव्हतं. मध्ये भोक. भोकाच्या कडेने हिरवं चढलेलं.

तो हिरवा रंग मी झोपेतही ओळखेन. फिल्टर प्लांटवर माझं कामच ते होतं. वैनगंगेचं गढूळ पाणी यायचं, त्यात तुरटी, मग ब्लिचिंग, आणि उन्हाळ्यात हौदाच्या भिंतीला शेवाळ धरलं की मोरचूद. गोणपाटात निळे खडे बांधून दोरीने पाण्यात सोडायचे आणि हौदाच्या कडेने गोणपाट ओढत चालायचं. दोन दिवसांत शेवाळ पिवळं पडून सुटायचं. मोरचूद म्हणजे तांबंच. पाणी स्वच्छ म्हणजे त्यात काही जगत नाही, माझी सगळी नोकरी या एका वाक्यात मावते. ओमेश सहा वर्षांचा असताना एकदा माझ्याबरोबर प्लांटवर आला होता. हौदाच्या कठड्याला छाती टेकून त्याने विचारलं, 'बाबूजी, याच्यात मासा रायते का?' मी म्हणालो, 'राह्यला तं माही नोकरी जाईन.' बरोबरचे हसले. तो हसला नाही. तो बराच वेळ पाण्याकडे बघत उभा होता. मला आता कधी कधी वाटतं, ही काचेची पेटी त्याने त्या दिवशीच मनात धरली असेल आणि मुद्दाम माझ्याच गळ्यात बांधून गेला असेल. बत्तीस वर्षं पाण्यातलं जिवंत ते मारायचा पगार घेतला ना बाबूजी, आता जगवून दाखवा.

चिमट्याने ते गोल बाहेर काढलं, तळहातावर घेतलं आणि तसाच उभा राहिलो. भोकाचा पैसा. इंग्रजाच्या काळातला, मोठ्या भोकाचा, तांब्याचा. असा पैसा आमच्या घरात एकच होता. जमुनाच्या आईने ओमेशच्या बारशाला काळ्या कडदोऱ्यात ओवून त्याच्या कमरेला बांधला होता. उघडा पोर अंगणात पळायचा तेव्हा तो पैसा त्याच्या बेंबीखाली हलायचा. पाचव्या वर्षी कडदोरा तुटला, तेव्हा जमुनाने पैसा कुंकवाच्या डबीत टाकला, आणि त्यानंतर तो मी पाहिला नव्हता. कुणी टाकला हे विचारायची गरज नव्हती. कुठे टाकला त्यावरूनच कळत होतं. वरून सोडला असता तर दगडावर आपटून कुठेतरी कोपऱ्यात गेला असता. हा बरोबर मधोमध होता, चारही काचांपासून सारख्या अंतरावर, हात घालून ठेवलेला. रविवारी मी बाजारातून आलो तेव्हा तिची बाही कोपरापर्यंत ओली होती. मी विचारलं तर म्हणाली, भांडे घासून राहिली होती. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि विसरलो.

जमुनाचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, बालाघाटच्या बाजूला. आमचं गाव दवनीवाडा अलीकडे. लग्न झालं तेव्हा त्या वाटेने पूल नव्हता, नावेने जावं लागायचं. पहिल्या वेळी मी नावेच्या एका टोकाला बसलो होतो आणि ती दुसऱ्या टोकाला, मध्ये तिच्या माहेरची माणसं आणि एक बकरी. तिच्याशी माझं अजून धड बोलणं झालं नव्हतं. नाव सुटली तशी तिने पदराची गाठ सोडली आणि दहा पैशांचं नाणं मुठीत धरून बसली. थोड्या वेळाने नावाड्याला विचारलं, 'मधात आलो का जी?' तो म्हणाला, 'नाही बाई, अजून हाय.' पुन्हा थोड्या वेळाने, 'आता?' 'आता आली मधात.' मग तिने हात पाण्याच्या अगदी जवळ नेला आणि नाणं सोडलं. फेकलं नाही, सोडलं. मला तेव्हा स्वतःच्या शहाणपणाचा फार गर्व होता, नुकती नोकरी लागली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'फुकट गेले दहा पैसे.' ती माझ्याकडे पाहून पहिल्यांदा बोलली. 'नदी आपल्याले पार होऊ देते, तिले काही नोको का?' आजूबाजूचे हसले. मी चिडलो. पण सबंध उरलेल्या नदीत मी तिच्याकडेच बघत होतो, हेही खरं आहे. पुढे प्रत्येक वेळी तिने तसंच केलं, लांबच्या रस्त्याने बसमधून पुलावरून जातानासुद्धा. काठावर टाकून चालत नाही, म्हणायची. काठ आपला असतो, मध नदीचा.

आणि ओमेश निघाला तेव्हा तिने मागितलं काय होतं, तर फक्त मुंबईपर्यंत यायचं. 'मलेबी न्या ना. समुद्र पाह्यला नाही मी कधी.' मी म्हणालो, 'पाह्याचं काय आहे त्याच्यात? पाणीच तं आहे.' तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि आयुष्यभर मी त्याचा फायदा घेतला. मी ओमेशला पोचवलं, आणि गाडीला वेळ होता म्हणून एका माणसाला विचारत विचारत समुद्रावर गेलो. दीड तास बसलो. पाण्याच्या माणसाने पाण्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं घेऊन घरी आलो. ती दारातच होती. 'केवढा आहे?' तिने विचारलं. 'मोठा आहे,' मी म्हणालो आणि पाय धुवायला गेलो. का सांगितलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही. थकलो होतो असं म्हणता येईल. पण खरं म्हणजे मला लाज वाटत होती. मी तिच्या वाटणीचाही पाहून आलो होतो.

या महिन्यात ओमेशचा फोन सलग अकरा दिवस आला नाही. जहाज मध्यावर असलं की नेटवर्क नसतं, हे मी तिला रोज सांगत होतो, आणि रोज माझाच आवाज बारीक होत होता. ती टाकीपुढे पाटावर बसून मुठींकडे बघायची. लहानपणी ओमेशच्या मुठी अशाच चालायच्या, झोपेतही, असं एकदा म्हणाली होती. रविवारी तिची बाही ओली झाली. मंगळवारी ओमेशचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, आवाज तुटत होता, पण तो होता. जमुनाने फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, 'मले मालूम होतं. आता तुले काही होत नाही.' आणि हसली. मला वाटलं होतं आईचं बोलणं आहे. आता पैसा हातात घेऊन उभा असताना मला तिचं हसणं कळलं. तिच्या लेखी समुद्राने तिचं ऐकलं होतं. आणि हे कळल्यावर माझ्या हातातला पैसा एकदम जड झाला. तो पाण्यात ठेवला तर ओमेशची टाकी मरणार. काढला तर तिच्या मनातून पोराच्या डोक्यावरचं छत्र मी काढून घेतलेलं असणार. तेही मी, ज्याने समुद्रसुद्धा काढून घेतला होता. ती सकाळीच दवनीवाड्याला गेली होती, माझ्या धाकट्या भावाच्या सुनेची ओटी भरायला. पाचच्या बसने यायची होती. पैसा मी शर्टाच्या वरच्या खिशात टाकला.

हिमांशूला फोन लावला. 'तुरकर काका, कॉपर? अरे बाप रे. पहले रेत पूरी निकालो, रेत कॉपर पकडून ठेवते. पाणी आधं बदला, दोन घंट्यानं परत आधं, संध्याकाळी परत. कार्बनची थैली आहे ना, नवीन टाका.' आणि मुठी? तो त्यांचं खरं नाव घेतो. 'झेनियाचा भरोसा नाही काका. तिले आजच वेगळ्या पाण्यात ठेवा. बटन वाचतीन कदाचित.' कसं गेलं तांबं आत, त्याने विचारलं. 'गेलं,' मी म्हणालो. मग मी कामाला लागलो आणि कामाला लागल्यावर मला बरं वाटलं. हात माझे पाण्याचे आहेत. फिल्टरचं पाणी बादलीत काढलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मीठ तोललं, लिटरला पस्तीस ग्रॅम, ढवळलं, बादली अंगणात उन्हात ठेवली, पुन्हा तोललं. जमुनाचा खिरीचा काचेचा वाडगा तिला न विचारता घेतला, तीनदा नुसत्या पाण्याने धुतला, नव्या खाऱ्या पाण्याने भरला आणि मुठींचा दगडासकट तुकडा त्यात उतरवला. सात देठ होते. चार हातात आले तेव्हाच विरघळत होते, बोटाला बुळबुळीत लागत होते. ते मी ब्लेडने कापून टाकले. उरले तीन. त्यांच्यावर निळा दिवा कलता धरून बांधला. वाळू चमच्याने काढली, अर्धं पाणी नळीने ओढलं, नवं हळूहळू सोडलं. काचेचा तळ उघडा पडला आणि टाकी एकदम परकी दिसायला लागली. जेवायचं राहिलं. खाली वाकलो की खिशातला पैसा घरंगळेल म्हणून मी एक हात छातीवर धरून वाकत होतो. शालीकराम फाटकातून डोकावले, बादल्या पाहिल्या, म्हणाले, 'काय करून राहिले जी?' मी म्हणालो, 'मासा धुऊन राहिलो.' ते निघून गेले.

तीन वाजता, दुसऱ्यांदा पाणी बदलून झाल्यावर, माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. कपाटात माझा नोकरीचा खाकी शर्ट आहे. त्याची बटनं तपकिरी, प्लॅस्टिकची, गोल. प्लॅस्टिकने पाण्याला काही होत नाही. मी एक बटन कातरलं, स्वच्छ धुतलं आणि हात घालून उघड्या तळावर बरोबर मधोमध ठेवलं. दाराशी जाऊन पाहिलं. तिथून ते पैशासारखंच दिसत होतं. जरा लहान, पण पाण्यात लहानमोठं कुणाला कळतं. वाळू धुवायला काढली म्हणून सांगायचं, झालं. ती रोज सकाळी हात जोडायला बसेल, मध्यावर बघेल, तिला दिसेल, ओमेशच्या डोक्यावर छत्र राहील. खरा पैसा मी कुठेतरी जपून ठेवेन. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि ते वाटतंय तोच ती नाव आठवली. नावेत दहा पैशांचा हिशोब करणारा तो पोरगा आणि हा बटन ठेवणारा म्हातारा, दोघांचीही अक्कल सारखीच होती. पण मी बटन काढलं नाही. दुसरं काही सुचत नव्हतं.

साडेपाचला फाटक वाजलं. तिने पाय धुतले, पदराला हात पुसले, पिशवीतून ओटीचे मुरमुरे काढून ताटलीत ठेवले आणि तिच्या सवयीने टाकीकडे गेली. मी खुर्चीतून उठलो नाही. 'वाळू कोठी गेली जी?' 'धुवाले काढली.' ती पाटावर बसली. तिची पाठ माझ्याकडे होती. हात जोडले गेले, आणि जोडलेले तसेच थांबले. 'हे काय आहे?' 'काय?' 'हे. मधात.' 'पैसा आहे ना तुहा,' मी म्हणालो, आणि शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो. ती वळली. रागावली नव्हती. ती माझ्याकडे अशी बघत होती, की मला खाली बघावं लागलं. 'तुमच्या खाकी शर्टाचं बटन आहे हे,' ती म्हणाली. 'बत्तीस वर्षं मीच लावत आली. मले नाही ओळखू येनार?'

मी खिशातून पैसा काढून तिच्या हातावर ठेवला. आणि मग सगळं सांगितलं, कारणासकट. तांब्याचं, मोरचुदाचं, गडव्याचं. गडवा का नको म्हटलं होतं ते सात महिन्यांनी सांगितलं. ती ऐकत होती आणि वाडग्याकडे बघत होती. 'गोगलगाय?' 'गेली.' 'माह्यानं?' मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आज एक खोटं पुरे झालं होतं. 'माह्यानं,' मी स्वतःकडे बोट करून म्हणालो. 'तू कायले म्हणून इचारलं होतं, मी सांगितलं नाही.' ती पैशावरचं हिरवं पदराने पुसत राहिली, ते निघत नव्हतं. 'मंग आता पोराचं?' तिने एवढ्या हळू विचारलं, की मला ओठांवरून कळलं. मला या गोष्टींवर विश्वास नाही. आजही नाही. पण मी म्हणालो, 'दिवसभर माह्या खिशात होता. खाली नाही ठेवला मी.' तिने मान हलवली, जणू ते तिला पटलं. मग मी म्हणालो, 'जमुना, तुहं काही चुकलं नाही. टाकी लहान आहे एवढंच. हाच पैसा समुद्रात टाकला असता तं काही झालं नसतं. समुद्र केवढा मोठा. त्याले एका पैशानं काय होते?'

'मले काय मालूम जी, समुद्र केवढा रायते?' ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं, मुरमुरे नरम पडतील म्हणून सांगावं तसं ती सांगत होती. 'तुमी पाहून आले. मी इचारलं तं मोठा आहे म्हणाले, न पाय धुवाले गेले. अन् पोरानं हे आणून ठेवलं होतं घरात. समुद्राचं पाणी म्हणाला. मले एवढाच समुद्र भेटला. मी याच्यातच टाकला.'

पंपाची घरघर चालू होती. मी खुर्चीतून उठलो आणि तिच्या शेजारी खाली बसलो. गुडघे वाजले. तिच्याशेजारी जमिनीवर मी कधी बसलो होतो ते मला आठवेना. तो दीड तास मी तिला सांगायला लागलो, आठवेल तसा, मागचं पुढे. पाणी आपल्याकडे येतं आणि काहीच न करता परत जातं. पायाखालची वाळू ओढून नेतं, उभं राहिलं तरी माणूस सरकतो. वास कसा, तर आपल्या बादलीत मीठ विरघळतं ना, तसा, पण जिवंत. आवाज असतो, कुणी करत नाही तरी. 'अन् दुसरा काठ?' तिने विचारलं. 'दिसत नाही.' 'दिसतच नाही?' 'नाही.' 'धुकं होतं का?' 'धुकं नव्हतं. नाहीच आहे तो तठी.' वाडग्यात तिनातल्या एका देठाचा पंजा हलला. अर्धा उघडला, थांबला, मिटला. आम्ही दोघांनी पाहिलं. बराच वेळ पाहत राहिलो, पण पुन्हा तो उघडला नाही. इतका लहान जीव, एवढ्यानेही दमला असेल. मी तिचा हात हातात घेतला. त्यात पैसा होता.

'चार दिवस हे कोन पाहीन?' ती म्हणाली. मी कुठे जायचं म्हटलंही नव्हतं. 'हिमांशूकडे ठेवू नागपूरले. मुंबईले आपल्याले तठूनच जाचं आहे,' मी म्हणालो. तिने हात सोडवून घेतला, पदराचं टोक पुढे ओढलं, त्यावर पैसा ठेवला आणि गाठ मारता मारता थांबली. तिच्या कपाळावर आठी होती, नावेत असायची तशी.

'पन काठच नाही दुसरा,' ती म्हणाली, 'तं मधात आलो हे कसं समजाचं?'

'जाऊन इचारू कोनाले,' मी म्हणालो. तिने गाठ आवळली, दातांनी पक्की केली आणि ताटलीतले मुरमुरे माझ्यापुढे सरकवले.